विडीची वाट आणि व्रणाची जागा

तोंडाच्या कर्करोगाचे कारण रक्तात नव्हे, सवयीत शोधणारे डॉ. वसंत खानोलकर

खानोलकर हे आडनाव उच्चारले की कोकणातील वाचकाला प्रथम आठवतात ते चिं. त्र्यं. खानोलकर, अर्थात कवी आरती प्रभू. त्याच आडनावाचा आणखी एक थोर पुरुष विसाव्या शतकात होऊन गेला. परंतु त्याचे कार्यक्षेत्र प्रयोगशाळेच्या चार भिंतींआडचे असल्याने त्याची कीर्ती वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारशी पोहोचली नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्यांचे नाव. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यात खानोली नावाचे गाव आहे. त्या गावाची खूण या आडनावात आहे. भारतातील विकृतीशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून डॉ. खानोलकर यांचा उल्लेख केला जातो. विडी, चिरूट आणि तंबाखू यांचा तोंडाशी आणि घशाशी असलेला घातक संबंध भारतीय रुग्णांच्या नोंदींतून शास्त्रीय पद्धतीने मांडणाऱ्या पहिल्या फळीच्या संशोधकांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर तंबाखू परकी कधीच नव्हती. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी शिलगावलेली विडी, शेताच्या बांधावर उघडलेली चंची, पहाटे चुलीपुढे बसून दातांना लावलेली मशेरी आणि पाहुण्यापुढे सरकवलेले पानाचे तबक हे सारे पिढ्यान्‌पिढ्या नित्याच्या जगण्याचा भाग होते. त्यात कोणाला वावगे वाटत नसे. पुढे कोणाच्या गालात न भरणारी जखम झाली, कोणाचा आवाज बसला, कोणाला घास गिळवेना, तर तो नशिबाचा भोग समजला जाई. हा भोग नसून त्याला कारण आहे आणि ते कारण टाळता येण्याजोगे आहे, हे सिद्ध करण्याच्या कामी डॉ. खानोलकर यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली.

लंडनहून परळला

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी विकृतीशास्त्रात एम. डी. ही पदवी संपादन केली. रोगाने शरीरातील पेशींत आणि अवयवांत कोणते बदल होतात, याचा अभ्यास करणारे हे शास्त्र. त्या काळी भारतात या विषयाकडे वळणारे डॉक्टर थोडेच होते. लंडनची पदवी घेतलेल्या डॉक्टरला मुंबईत उत्तम चालणारा दवाखाना थाटणे अवघड नव्हते. डॉ. खानोलकर यांनी मात्र अध्यापनाचा आणि सूक्ष्मदर्शकाचा मार्ग पत्करला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्यानंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतीशास्त्र शिकविले.

त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते १९४१ मध्ये. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्यानंतर सर दोराबजी टाटा न्यासाच्या पुढाकाराने परळ येथे उभे राहिलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची आणि संशोधनाची धुरा डॉ. खानोलकर यांच्याकडे आली. त्यावेळी ते पंचेचाळीस वर्षांचे होते.

रुग्णालयाची जागाही अर्थपूर्ण होती. परळ म्हणजे गिरणगावाचा भाग. तेथील कामगारांत तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या कोकणी माणसांची संख्या मोठी होती. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तोवर मालवण, वेंगुर्ले, देवगड, कणकवली हा सारा मुलूख रत्नागिरीतच गणला जाई. बोटीने मुंबई गाठणारा चाकरमानी गावाकडच्या सवयी सोबत घेऊनच गिरणीच्या चाळीत राहत असे. कष्टकरी मुंबईचे तोंड आणि घसा ज्यांना जवळून तपासायचे होते, त्यांच्यासाठी परळइतके योग्य ठिकाण नव्हते.

एक हजार रुग्णांची कहाणी

त्या काळी कर्करोग हा युरोप-अमेरिकेतील सुधारलेल्या समाजांचा रोग आहे, भारतात तो क्वचितच आढळतो, असा समज वैद्यकीय क्षेत्रातही रूढ होता. जेथे तो आढळे तेथे त्याचा संबंध वंशाशी, रक्ताशी किंवा प्रकृतीशी जोडला जाई. परदेशी डॉक्टरांच्या काही निरीक्षणांनी या समजाला यापूर्वीच धक्के दिले होते. मद्रासमध्ये १९०२ साली आणि त्रावणकोरमध्ये १९३३ साली, पान-तंबाखू खाणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाविषयी लेख प्रसिद्ध झाले होते. परंतु एका आधुनिक रुग्णालयाच्या नोंदी, प्रत्येक रुग्णाच्या उतींची सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी आणि त्याच्या राहणीची माहिती यांची व्यवस्थित सांगड घालण्याचे काम अजून व्हायचे होते.

ते काम डॉ. खानोलकर यांनी हाती घेतले. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा घेणारा त्यांचा निबंध १९४४ मध्ये अमेरिकेतील कर्करोगविषयक संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. सलग हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सोयीची उदाहरणे निवडून घेतलेली नव्हती. जो रुग्ण येईल त्याची नोंद, असा हा शिरस्ता होता. पाश्चात्त्य रुग्णालयांच्या तुलनेत येथे तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असल्याचे या नोंदींतून समोर आले. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे ब्रिटन-अमेरिकेतील गाजलेले अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाले, हे लक्षात घेतले म्हणजे परळच्या या कामाचे मोल कळते.

जेथे सवय, तेथे व्रण

डॉ. खानोलकर यांच्या विचाराचे मर्म एका साध्या प्रश्नात होते. रोग कोणाला झाला, एवढेच विचारून ते थांबत नसत. तो नेमका कोठे झाला, हे ते पाहत. या दृष्टीचे उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. सूर्याबाई यांच्या समवेत १९४५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला, चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयीचा निबंध. त्यात भारतातील तीन वेगळ्या प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन आहे.

पहिला प्रकार धोतराचा. वर्षानुवर्षे कमरेला करकचून आवळलेल्या धोतराच्या काठाने जेथे त्वचा सतत घासली जाई, तेथेच तो उद्भवे. दुसरा खैनीचा. बिहारमध्ये तंबाखू आणि चुना मळून खालचा ओठ व हिरडी यांच्यामधील खाचेत ठेवण्याची रीत आहे. व्रण नेमका त्याच खाचेत आढळे. तिसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा नावाचा जाड चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची प्रथा होती, आणि तेथे कर्करोग होई तो टाळूला. इतरत्र विरळ असणारा कडक टाळूचा कर्करोग या भागात वारंवार दिसे.

उलटे धूम्रपान ही केवळ दूरच्या आंध्रातली गोष्ट नव्हे. सिंधुदुर्गला लागून असलेल्या गोव्यात फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली धुमटी ओढली जाई. काही स्त्रिया तीही पेटते टोक तोंडात धरून ओढत. गोव्यातील सुमारे साडेपाच हजार ग्रामस्थांची तोंडे तपासून या सवयीचा अभ्यास करण्यात आला आणि तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्रकाठच्या वाऱ्यात विस्तव विझू नये, यासाठी अशी रीत पडली असावी, असा तर्क केला जातो. कारण काहीही असो, आच आणि धूर जेथे थेट लागतात तेथील अस्तर बदलते, हे सूत्र आंध्रात आणि गोव्यात सारखेच लागू पडले.

विडीचा धूर आणि घसा

विडी ओढणाऱ्याच्या बाबतीत हीच तपासणी पुढे नेणारा निबंध १९५५ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉ. एल. डी. संघवी आणि डॉ. के. सी. एम. राव हे त्यातील सहलेखक होते. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर व्यक्ती यांच्या सवयींची तुलना त्यात करण्यात आली होती. तंबाखू चघळणाऱ्यांत व्रणाचा कल गाल, हिरडी अशा तोंडाच्या पुढील भागांकडे दिसला, तर विडी ओढणाऱ्यांत तो जिभेच्या मुळाकडे आणि घशाकडे झुकलेला आढळला. दोन्ही सवयी असणाऱ्यांचा धोका अधिक होता.

यामागील शरीरव्यवहार आज पुष्कळ उलगडला आहे. तोंडाच्या आतील अस्तर पातळ, ओलसर आणि सतत नवे होणारे असते. तंबाखूच्या धुरातील डांबरी अंशात आणि नायट्रोसामाइनसारख्या रसायनांत पेशींच्या जनुकांना इजा करण्याची शक्ती असते. रोजच्या माऱ्यामुळे अस्तर स्वतःच्या बचावासाठी जाड होऊ लागते. कोठे पांढरा चट्टा उमटतो, कोठे लाल. पांढऱ्या चट्ट्यांपैकी काहींचे रूपांतर कर्करोगात होते. लाल चट्टा अधिक धोक्याचा मानला जातो. धूम्रपान करणाऱ्याची टाळू कधी पांढुरकी पडून तिच्यावर लाल ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे सूक्ष्म लाळग्रंथींची सुजलेली तोंडे असतात.

हिरड्यांची गोष्ट आणखी फसवी आहे. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यामुळे हिरडी निरोगी असल्याचा भास होतो, पण आत दाताचा आधार झिजत असतो. दात काढल्यावर जखम भरण्यासही धूम्रपान करणाऱ्याला अधिक काळ लागतो. घशात उतरलेला धूर स्वरयंत्राच्या पडद्यांना सूज आणतो. आवाज घोगरा आणि जड होतो. श्वासमार्ग झाडून काढणारी सूक्ष्म केसांसारखी यंत्रणा मंदावते, कफ साचतो आणि खोकला कायमचा मुक्काम ठोकतो. धूम्रपानाला मद्याची जोड मिळाली तर तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो.

विडी आकाराने लहान आणि पानात वळलेली म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य, असा समज कष्टकरी वर्गात दीर्घकाळ होता. वस्तुस्थिती उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा फारशी आत शिरत नाही आणि विडी लवकर विझते. ती पेटती ठेवण्यासाठी झुरके वारंवार आणि जोरात घ्यावे लागतात. परिणामी तंबाखू थोडी असूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा मोठा वाटा शरीरात जातो.

जात नव्हे, सवय

मुंबईतील निरनिराळ्या समाजांत कर्करोगाची जागा निरनिराळी का, या प्रश्नाचाही डॉ. खानोलकर यांनी पाठपुरावा केला. भारतीय समाजगटांतील कर्करोगाच्या प्रवणतेवरील त्यांचा निबंध १९४५ मधला आहे. अग्नी पवित्र मानणाऱ्या पारशी समाजात धूम्रपान निषिद्ध. त्यांच्यात तोंड आणि घशाचा कर्करोग कमी, स्तनाचा कर्करोग मात्र अधिक, हे मुंबईच्या पुढील काळातील नोंदींनीही दाखवून दिले.

या फरकाचे उत्तर रक्तात दडले आहे काय, हे तपासण्याची शास्त्रीय साधनेही त्यांच्या हाती होती. डॉ. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा समाजगटांच्या सात आनुवंशिक वैशिष्ट्यांचा अभ्यास करून तो १९४९ मध्ये प्रसिद्ध केला होता. आनुवंशिकतेचे महत्त्व जाणणारा हा शास्त्रज्ञ होता. म्हणूनच तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत त्याने सवयीकडे बोट दाखविले, याला विशेष वजन आहे. जन्माने मिळालेले रक्त बदलता येत नाही; हातातली विडी मात्र खाली ठेवता येते. रोगाचे कारण वंशातून काढून सवयीत आणून ठेवणे म्हणजे रोग्याच्या हाती त्याच्या बचावाचे साधन देणे होते.

संस्था उभारणारा शास्त्रज्ञ

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ मध्ये परळ येथे स्थापन झाले, त्याचे शिल्पकार डॉ. खानोलकर होते. पुढे ख्यातनाम झालेल्या जीवशास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे या त्यांच्याच विद्यार्थिनी. कुष्ठरोगावरील त्यांचे कामही मोलाचे आहे. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात आणि पसरतात, यावर त्यांच्या संशोधनाने प्रकाश टाकला. याच केंद्रात १९५८ मध्ये वेगळा काढण्यात आलेला जंतू पुढे कुष्ठरोगावरील लसीच्या संशोधनाचा आधार ठरला. रुग्णालय आणि केंद्र या दोन्ही संस्था १९६६ मध्ये एकत्र आल्या आणि टाटा स्मारक केंद्र आकाराला आले.

मानसन्मान ओघाने आले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद, वैद्यक विषयातील राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद आणि पद्मभूषण किताब त्यांना लाभला. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी १९६० ते १९६३ या काळात भूषविले. भारतीय विकृतीशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

मागे राहिलेला धडा

त्यांनी दाखविलेल्या वाटेने पुढची पिढी खेड्यापाड्यांत गेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर देशाच्या विविध भागांतील छत्तीस हजार तंबाखू सेवन करणाऱ्यांना सवय सोडण्याचा सल्ला देऊन वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. सवय सोडलेल्यांत वा कमी केलेल्यांत पांढरे चट्टे उद्भवण्याचे प्रमाण घटल्याचे १९८६ मध्ये जाहीर झाले. सवय हे कारण असेल तर सवय सुटल्यावर रोग मागे हटला पाहिजे, ही कसोटी अशा रीतीने खेड्यातल्या माणसांवरच उतरली. सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००३ मध्ये काढला आणि पानाच्या तबकाचा उरलेला भागही संशयाच्या पलीकडे राहिला नाही.

कायदाही उशिरा का होईना, जागा झाला. तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा २००३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरील बंदीची कडक अंमलबजावणी २ ऑक्टोबर २००८ पासून सुरू झाली. पाकिटांवर चित्ररूप इशारे २००९ मध्ये आले आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते. याचा अर्थ राज्यात धूर कमी झाला, तरी तंबाखू गालात आणि हिरडीवर मुक्काम करून आहे. मशेरी त्यातच मोडते.

डॉ. खानोलकर यांच्या प्रयोगशाळेत येणारे उतींचे बहुतेक तुकडे उशिरा पोहोचलेल्या रुग्णांचे असत. आज तो उशीर टाळणे शक्य आहे. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम, न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, तितकेच दिवस बसलेला आवाज, गिळताना होणारा त्रास, मानेतील गाठ, कमी उघडू लागलेले तोंड यांपैकी काहीही दिसले तरी डॉक्टरांना दाखविणे अगत्याचे आहे. अशा जखमा बहुधा दुखत नाहीत आणि न दुखणे हाच त्यांचा सर्वांत मोठा दगा असतो. तंबाखू सोडल्यानंतर पाच ते दहा वर्षांत तोंड व घशाच्या कर्करोगाचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. चाळीस वर्षांची सवय असलेल्यालाही ती सोडण्यात लाभच आहे.

व्रणाच्या जागेवरून सवयीपर्यंत माग काढणाऱ्या या शास्त्रज्ञाने असंख्य मृत्यूंना कारणाचे नाव दिले. ज्या दुखण्याचे कारण ठाऊक झाले, त्याला दैव म्हणण्याची मुभा मग उरत नाही. खानोली गावाचे नाव मिरवणाऱ्या या माणसाचे काम मालवणच्या बंदरावरील आणि वेंगुर्ल्याच्या वाडीतील प्रत्येक घराशी आजही निगडित आहे. ज्या हाताने विडी शिलगावली जाते किंवा मशेरी भाजली जाते, त्याच हाताने ती बाजूला ठेवताही येते, हे त्यांच्या संशोधनाचे सार आहे.